तीनशे युरोंची बिदागी

नकोशा पाहुण्याला घालवायच्या रीती पुष्कळ आहेत; पण त्याचे घर पाडायचे, हातावर पैसे ठेवायचे आणि विमानात बसवून ‘आपण स्वखुशीने निघालो’ असे लिहून घ्यायचे, ही रीत फ्रान्सची. २०१० च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष सार्कोझींच्या सरकारने रोमांच्या, म्हणजे जिप्सींच्या, वस्त्या उठवल्या तेव्हा दर होता मोठ्या माणसामागे ३०० युरो, मुलामागे १००. दारात बुलडोझर उभा राहिला की स्वेच्छा कशी चटकन जागी होते! निमित्त तर त्याहून झकास. जुलैत सेंत-एन्यां येथे पोलिसी गोळीने भटक्या समाजातला एक तरुण मेला, त्याच्या लोकांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला. हे लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे फ्रेंच नागरिक. हद्दपार झाले रुमानिया-बल्गेरियाचे रोमा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यावर शहाणे लोक म्हणतात, बेकायदा वस्ती कोणते सरकार खपवून घेईल? मान्य. पण रुमानिया-बल्गेरिया हे दोन्ही देश २००७ पासून युरोपीय संघात आहेत. त्यांच्या नागरिकाला ओळखपत्र दाखवून पुन्हा फ्रान्समध्ये शिरता येते आणि तीन महिने बिनशर्त राहता येते. म्हणजे सरकारी खर्चाने गावी जाऊन यायची सोय झाली, आणि मंत्र्यांना हकालपट्टीचा आकडा मिळाला. दुसरा आक्षेप, यांना कष्ट नकोत. पण तेव्हा यांना कामावर घ्यायचे तर मालकाने सरकारी परवाना काढायचा, वर वेगळा कर भरायचा. दीडशे धंद्यांच्या यादीबाहेरचे काम असेल तर त्यासाठी स्थानिक माणूस मिळत नाही हेही सिद्ध करायचे. इतके करून कोण घेणार? काम द्यायचे नाही आणि आळशी म्हणायचे, हा न्याय मात्र आपल्या ओळखीचा आहे. उरल्या चोऱ्या. चोराला जरूर पकडा. पण ५ ऑगस्टच्या गृहखात्याच्या परिपत्रकात चोर नव्हते, तीन महिन्यांत ३०० वस्त्या हटवा आणि ‘रोमांना प्राधान्य’ द्या, असा हुकूम होता. तो फुटला तेव्हा सरकारने नवे परिपत्रक काढून जमातीचे नाव तेवढे खोडले; ब्रसेल्सने कान उपटले ते त्यानंतर.

पुढे समाजवादी आले. गृहमंत्री मान्युएल वाल्स यांनी २०१३ मध्ये सांगितले की रोमांनी मायदेशी परतावे. वाल्स स्वतः जन्मले बार्सिलोनात. सार्कोझींचे वडील हंगेरीतून आलेले. कामावरचे निर्बंध १ जानेवारी २०१४ ला उठले. वस्त्या उठवणे त्यानंतरही चालूच राहिले.