लिनक्स : साहित्य आणि कृती

साहित्य : एक जुना लॅपटॉप, आठ जीबीचा पेनड्राइव्ह, शोधाशोधीसाठी चालू मोबाइल आणि "आधी चांगलं चाललं होतं ना?" असं विचारणारं घरातलं एक माणूस. शेवटचं साहित्य आमच्या पेणकरपाड्यात कुठल्याही इमारतीत मिळतं, मुद्दाम शोधावं लागत नाही.

मुहूर्त : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत सेवा संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, ती तुमच्या लॅपटॉपात बहुधा नाही. लॅपटॉप ठणठणीत, पण सेवानिवृत्त. दुकानदार म्हणेल, नवीन घ्या. मान डोलवा, घरी या आणि त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स बसवा.

पहिली पायरी, डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची शाखा निवडणे. लिनस टॉरवल्ड्सने १९९१ साली लिनक्स जाहीर केलं, तेव्हापासून त्याच्या इतक्या शाखा झाल्या आहेत की दोन जाणकारांना एकाच खोलीत विचारू नये. डेबियन १९९३ चं, उबंटू २००४ चं, मिंट २००६ चं. तुम्ही मिंट घ्या. का, ते विचारू नका. विचारलंत तर रात्रीचं जेवण गार होईल.

दुसरी पायरी : मिंट पेनड्राइव्हवर चढवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. त्यासाठी एफ२, एफ१२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक बटण दाबावं लागतं. कोणतं, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून अनुभवी माणसं चारही दाबतात. आता काहीही न पुसता मिंट चालताना दिसेल. वायफाय, आवाज, कॅमेरा, सगळं इथेच तपासा. वायफाय नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्या.

तिसरी पायरी म्हणजे डिस्क पुसणे. त्याआधी फोटो, दाखले, सोसायटीची इतिवृत्तं दुसरीकडे कॉपी करा. "विंडोज असू दे बाजूला, लागलंच तर" असा विचार इथे हमखास येतो. लागतंच मग, दर आठवड्याला. शिवाय दोन्ही ठेवलीत तर विंडोजचं घड्याळ अनेकदा साडेपाच तास मागे पडतं, कारण लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं. पुसा आणि मिंट बसवा.

चौथी पायरी, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. याची गरज क्वचित पडते, पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पाहून शेजारचे काका दबकतात, एवढ्यासाठी तरी उघडावं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं उमटली नाहीत तर कीबोर्ड बिघडलेला नाही, तसंच असतं. काका तुम्हाला हॅकर समजले तर खुलासा करा. न केल्यास त्यांच्या भाच्याचं बंद पडलेलं फेसबुक खातं तुमच्या गळ्यात येईल.

इथपर्यंत एक संध्याकाळ लागते. खरं लिनक्स यापुढे सुरू होतं, आणि त्याचा लॅपटॉपशी फारसा संबंध नाही. तो आहे झेरॉक्सवाल्याशी.

झेरॉक्सच्या दुकानातल्या टायपिस्टने केलेला अर्ज तुमच्याकडे उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. घरचे म्हणतील, बघ, मराठी चालत नाही. चालतं. त्या जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट नसला की विंडोजवरही तीच खिचडी. इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी आयबस नावाची सोय आहे. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त', हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. अर्ज पीडीएफ करून न्या. पेनड्राइव्ह मात्र लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करू नका. दुकानातल्या विंडोजला तो ओळखता येत नाही, ते "फॉरमॅट करू का?" विचारतं आणि दुकानातला मुलगा तुम्हाला न विचारता हो म्हणतो. एक्सफॅट ठेवा.

सोसायटीच्या सेक्रेटरींची मेंटेनन्सची एक्सेल फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते, रकाने जरा सरकतात. ते त्यांना सांगू नका, थकबाकी तेवढी बघा. मॅक्रो असलेल्या फाइलींची मात्र खात्री नाही. प्रिंटर घेण्याआधी त्याला लिनक्स चालतं का ते पाहा. एचपीचे बहुतेक चालतात, काही स्वस्त लेझर प्रिंटर माणसाला अध्यात्माकडे वळवतात. टॅली हेच पोट असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तर हा लेख इथेच सोडा. हे गमतीत म्हणत नाही. हट्टापायी धंदा अडवून ठेवण्यात कसलंही स्वातंत्र्य नाही.

बाकीच्यांचं काम ब्राउझरमध्येच होतं. वीजबिल, बँक, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सअॅप वेब यांना खाली काय चालू आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

लग्नकार्यात कोणी हमखास विचारेल, "हे वापरतं कोण?" तेव्हा न्यायालयं सांगा. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालयांना उबंटू दिलं गेलं आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केली. विचारणाऱ्याचा ठाण्यात जागेचा दावा चालू असेल, तर पुढची तारीख संगणकावर चढते ती याच घराण्यातल्या यंत्रावर. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर त्यांचा अँड्रॉइड फोन मागून घ्या. त्याच्याही पोटात लिनक्सच आहे.

शिकायचंच असेल तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतूनही आहेत, फुकट. क्लासला पैसे भरण्याआधी ते बघा.

टीप : अपडेटची खूण दिसली की अपडेट करा, पुढे ढकलू नका. मिंट २२ ला सुरक्षेचे अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत.