कान तयार करणे : इच्छुकांसाठी काही सूचना

विमा आणि गृहकर्ज यांचं महत्त्व पटवून द्यायला माणसं घरी येतात. शास्त्रीय संगीताची आवड मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते, आणि ती चाळिशीच्या आत लागलेली बरी. नंतर गुडघे भारतीय बैठकीला नाही म्हणतात आणि खुर्चीचं तिकीट महाग पडतं. अशा होतकरू श्रोत्यांच्या सोयीसाठी पुढील मार्गदर्शन.

सर्वप्रथम आपला पूर्वेतिहास साफ करून घ्यावा. गणपतीच्या मिरवणुकीत ‘झिंगाट’वर घाम गाळला असेल किंवा कॉलेजात कुमार सानूच्या कॅसेट उसन्या आणल्या असतील, तर त्याची वाच्यता करू नये. कोणी विचारलंच तर ‘आमच्याकडे लहानपणापासून गीतरामायण’ एवढंच म्हणावं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर प्रसारित झालं, तेव्हा तुमचे वडील शाळेत असतील. पण छप्पन्न गाण्यांच्या कॅसेट पुढे घरोघरी होत्या, त्यामुळे हे विधान कोणी खोडून काढत नाही.

तिथून थेट ख्यालावर उडी मारू नये, पाय मोडतो. मध्ये नाट्यसंगीताचा थांबा आहे. नाट्यपदाची खुबी अशी की त्यात राग असतो, ताना असतात, आणि तरीही ते दहा मिनिटांत संपतं. ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या चाली, ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, ‘कट्यार काळजात घुसली’ला (१९६७) अभिषेकीबुवांच्या, एवढी त्रिस्थळी यात्रा पाठ असली की लग्नाच्या पंगतीत निभावून जातं. ‘कट्यार’ म्हणताना डोळ्यांसमोर २०१५ सालचा चित्रपट आला तरी तोंडाने वसंतराव देशपांड्यांचंच नाव घ्यावं.

आता खरी परीक्षा, म्हणजे ‘सवाई’. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात भरतो. बरीच वर्षं तो रमणबागेत होत असे, आता मुकुंदनगरात होतो. पूर्वी तो रात्रभर चाले आणि त्यात नवशिक्यांची मोठी सोय होती: पहाटे तीन वाजता डोळे मिटले तर माणूस तल्लीन झाला असं समजत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आल्यापासून ती सवलत गेली. संध्याकाळी सहाला डोळे मिटणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. सबब जागं राहून ऐकण्याला पर्याय नाही.

जागं राहिलं की दाद द्यावी लागते आणि दाद समेवर द्यावी लागते. इथे निम्मे उमेदवार नापास होतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचावा. विलंबित ख्याल बहुधा एकतालात असतो. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एकेक मात्रेत चार-चार ठोके मावतात आणि एक आवर्तन मिनिटभरही चालतं. एवढा वेळ मनात आकडे मोजणाऱ्याचा चेहरा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्यासारखा होतो. त्यापेक्षा तबल्याकडे कान द्यावा. धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. ‘तिरकिट’ ऐकू आलं की सम जवळ आली असं कुठूनतरी कळलेलं असतं आणि नवशिका मान उचलून तयार होतो. पण हे तिरकिट एका आवर्तनात दोनदा येतं! पहिलं चौथ्या मात्रेला, तेव्हा अर्ध्याहून जास्त आवर्तन शिल्लक असतं. त्या तिरकिटावर भुलून ‘क्या बात है’ म्हणणारा माणूस भरमंडपात एकटा पडतो. दहाव्या मात्रेच्या तिरकिटाची वाट पाहावी. मग धी, ना, एवढ्यात गवई मुखडा उचलतो, तबलजीची मान वर येते, आणि धिं. तिथे हात खाली.

घाबरट प्रकृतीच्या माणसांनी पुढच्या रांगेतला एखादा पांढऱ्या केसांचा, शाल पांघरलेला श्रोता हेरून त्याच्या मागे बसावं आणि त्याची मान पडली की आपली पाडावी. मात्र हे गृहस्थही कोणाच्या तरी मागे बसलेले असू शकतात, ही जोखीम धरून चालावी.

दादेचा आवाजही बेताचा हवा. टाळ्या हे रियालिटी शोचं लक्षण मानतात. जिभेने ‘च्’ असा आवाज काढून, काहीतरी हरवल्यासारखी मान हलवणं सर्वांत सुरक्षित. चांगलं झालं की वाईट, ते त्यातून कळत नाही.

दोन-तीन हिवाळे असे निघाले की मतं बाळगायला हरकत नाही. सुरुवात पेटीपासून करावी. पेटीचे सूर बांधलेले, त्यात श्रुती कुठून येणार आणि मींड कशी निघणार, असा सूर लावावा. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली, हा पुरावा जोडावा. समोरच्याने गोविंदराव टेंबे आणि पुलंची नावं काढली तर विषय बदलावा. या दोन पेटीवाल्यांपुढे महाराष्ट्रात कोणाचं काही चालत नाही.

यापुढची पायरी जयपूर घराण्याची. भीमसेन सगळ्यांनाच आवडतात, हीच त्यांची अडचण. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारी होते आणि त्यांच्या घराण्याकडे अनवट रागांचा साठा आहे: बसंती केदार, रायसा कानडा, खोकर. राग ओळखू आला नाही की ‘जोडराग वाटतोय’ म्हणावं. कोणते दोन जोडलेत, असं कोणी विचारलं तर मंद हसून ‘तीच तर गंमत आहे’ म्हणावं. कलावंताने रागाचं नाव आधीच जाहीर केलं तर हिरमुसू नये, ‘पण चलन वेगळं ठेवलंय’ हे वाक्य प्रत्येक रागाला लागू पडतं.

आता धोक्याची सूचना. हा सगळा खटाटोप चालू असताना गाणं खरोखरच आवडायला लागण्याची शक्यता असते. समजा, मारवा चालू आहे. मारव्यात पंचम नसतोच. गवई षड्जालाही टाळत राहतो, कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळतो. दहा-पंधरा मिनिटं घरी जायची वाट सापडू नये तसं होतं, चुळबुळ वाढते, आणि मग अचानक षड्ज लागतो. त्या क्षणी पुढच्या रांगेतल्या शालीकडे न बघता मान आपोआप पडते. तिरकिट पहिलं होतं की दुसरं, हेही आठवत नाही. असं झाल्यास लगेच शेजाऱ्याला रागाचा थाट, वादी-संवादी आणि गायनसमय सांगायला लागावं. सहसा परिणाम उतरतो. काहींचा मात्र उतरत नाही. घरी येऊन ते अमीर खाँसाहेबांचा मारवा लावतात, दिवा न लावता ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याबद्दल कोणाला सांगतही नाहीत. अशा माणसांची प्रगती इथेच खुंटते; पुढील मजकूर त्यांच्यासाठी नाही.

बाकीच्यांनी पन्नाशीनंतर जुन्या तबकड्यांकडे वळावं. खरखर जितकी जास्त, तितकं गाणं अस्सल. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत राग कसा बसवला, यावर तीन-साडेतीन तास बोलता येतं. सुरुवातीच्या काळात गाणं संपताच कलावंत स्वतःचं नाव पुकारत, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळायला हवं. ही माहिती चहाबरोबर द्यावी, एकदा दिलेल्या घरी पुन्हा देऊ नये.

शेवटचा टप्पा ‘आता तसं गाणं राहिलं नाही’ हा. इथे फक्त तारखा सांभाळाव्यात. कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर दोघेही १९९२ साली गेले, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष ऐकल्याचं सांगण्यापूर्वी आपलं जन्मसाल एकदा ताडून पाहावं. केसरबाई केरकरांच्या वाटेला तर जाऊच नये. त्या १९७७ साली गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांची भैरवी व्हॉयेजर यानावरून अवकाशात गेली. ती आता पृथ्वीपासून इतकी लांब आहे की तिच्याशी तरी तुमची समोरासमोर गाठ पडणं शक्य नाही. तरीही बोलण्याच्या ओघात तोंडून निघून गेलंच आणि एखाद्या चोखंदळ तरुणाने मोबाइलवर साल शोधायला घेतलं, तर त्याला मध्यंतरात वड्यांच्या रांगेत आपल्यापुढे उभं करावं आणि दोन प्लेटचे पैसे आपण द्यावेत.