आमचे झांबेझी

‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला लग्नाच्या बाजारात एका शब्दाचं उत्तर लागतं. इंजिनिअर, सीए, गेला बाजार ‘बिझनेस’. आमच्या सोसायटीतल्या एका मातोश्रींना हे आजवर जमलेलं नाही. ‘तो ना, आफ्रिका करतो,’ असं म्हणून त्या घाईघाईनं पोह्यांच्या बश्या पुढे करतात. मग मुलीचे वडील घसा खाकरून विचारतात, ‘म्हणजे तिकडे खाणबीण आहे का काही?’ एकदा तर मुलीच्या आत्यानं टांझानाइटच्या खड्याची ऑर्डरच देऊन टाकली. आता इथे कुणीही शहाणा माणूस ‘बघू, बघू’ म्हणाला असता. यानं ताटली खाली ठेवली आणि हा खडा जगात फक्त टांझानियात, अरुशाजवळच्या मेरेलानीतच कसा सापडतो, तिथून सुरुवात करून तो खाणकामगारांच्या मजुरीपर्यंत आला. पोहे गार झाले. स्थळ तर त्याआधीच गार झालं होतं.

त्याला नावानं आता कुणी हाक मारत नाही. अख्खी सोसायटी त्याला ‘झांबेझी’ म्हणते. कुरिअरवालासुद्धा खालून तशीच आरोळी ठोकतो.

आफ्रिका हा विद्यापीठात शिकवायचा विषय असतो हेच मुळात पुष्कळांना ठाऊक नसतं. दिल्ली विद्यापीठात त्याचा विभाग १९५५ साली निघाला, मुंबई विद्यापीठात १९७१ साली. काळच तसा उमेदीचा होता. १९६० या एकाच वर्षात तिकडचे सतरा देश स्वतंत्र झाले. पुढे ती हवा ओसरली. आता कुठल्याही गावातल्या अशा आडवाटेच्या विभागात दोन तऱ्हेची मुलं भेटतात. एक तऱ्हा हॉस्टेलची खोली आणि अभ्यासिकेतली पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून प्रवेश घेते आणि स्पर्धा परीक्षेचे चालू घडामोडींचे अंक पाठ करते. दुसरी तऱ्हा विषयासाठीच येते. तिचा वर्गात एखादाच नमुना असतो. आमचा नमुना एमए होऊन आता पीएचडीला लागला आहे, म्हणजे त्याला आता वेळच वेळ आहे.

त्याच्यासमोर ‘आफ्रिकेत’ हा शब्द काढायची सोय नाही. लगेच ‘कुठल्या?’ म्हणतो. चोपन्न देश आहेत, कुठल्या आफ्रिकेबद्दल बोलताय? ‘आफ्रिकेत उकडतं का रे फार?’ असं माझ्या सासूबाईंनी जिन्यात सहज विचारलं. त्यांना दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत लेसोथोतला बर्फ ऐकावा लागला. मुलांच्या नकाशांवर तर त्याचा दात आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी. हे ऐकून चौथ्या मजल्यावरच्या एका पाचवीतल्या पोरानं भूगोलाच्या पेपरात ग्रीनलंड वाटाण्याएवढं काढलं. मार्क गेले. पोराची आई आजही झांबेझीशी बोलत नाही.

पण हे सगळं परवडलं, १८७३ परवडत नाही.

प्रत्येक इतिहासवेड्याचं एक लाडकं साल असतं, याचं हे. मोबाइलचा लॉक १८७३, घरच्या वायफायच्या पासवर्डात १८७३, आणि हे सोसायटीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असल्यामुळे त्याचा डेटा दर महिन्याला पंधरा तारखेच्या आत संपतो. कारण विचारलं की सांगतो, आणि खरं बोलायचं तर सांगतो तेव्हा ऐकावंसं वाटतं. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर झांझिबारला वाटाघाटींना गेले, सुलतानावर दडपण आलं आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला, ते १८७३. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आली आणि काळ्या गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ती अर्पण केली, तेही १८७३. आणि त्याच साली आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याच्यासाठी दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचं नाव कोरलं ते जेकब वेनराइटनं. ‘आणि हा वेनराइट शिकला कुठे, काका?’ इथे तो थांबतो. आपण उत्तर द्यायचं नसतं. ‘नाशकात!’

गोष्ट सोळा आणे खरी आहे. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातली पोरं मुंबईला उतरायची आणि पुष्कळजण नाशिकच्या शरणपूरच्या मिशनमध्ये जायची. तिथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकी, लोहारकी शिकली. त्यांतलीच काही पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर गेली. त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरून बाकीचा देह उन्हात वाळवून, दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत ती होती. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत झाली, तिला फ्रियरचंच नाव मिळालं, आणि तिथे वस्तीला गेलेल्यांना लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. आमच्या महिला मंडळाची त्र्यंबकेश्वरची सहल निघाली तेव्हा झांबेझी ड्रायव्हरशेजारी बसून होता. परतीच्या वाटेवर बायकांनी खरेदीसाठी शरणपूर रोडला गाडी थांबवली आणि यानं माइक हातात घेतला. तेवीस बायका, दोन तास, एकही पिशवी नाही. मंडळानं ठराव करून त्याला पुढच्या सहलींतून वगळलं आहे.

हा माणूस स्वतः कधी आफ्रिकेत गेलेला नाही. पासपोर्ट आहे, त्यावर एकही शिक्का नाही. यावरून लोक त्याला ‘उंटावरून शेळ्या हाकतो’ म्हणतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत पाऊल न टाकता अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल सांगणारे आमच्याकडे प्रत्येक बाकावर दोन दोन बसलेले असतात. त्यांचा पासपोर्ट कुणी बघत नाही.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस मागच्या जूनमध्ये उगवला. ‘बी’ विंगमधला एक फ्लॅट लागोसहून आलेला फार्मसीचा विद्यार्थी भाड्यानं मागत होता. तातडीची सभा लागली. ‘आमचा विरोध नाही हो, पण वातावरण...’ हे वाक्य सुरुवातीच्या दहा मिनिटांत चार जणांनी म्हटलं. झांबेझी उठला. म्हणाला, ‘मलिक अंबर.’

मग इथिओपियात जन्मलेलं एक पोर गुलाम म्हणून बाजारामागून बाजार विकलं जात दख्खनला कसं पोचलं, त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही मूळचा हबशीच कसा होता, आणि ते पोर पुढे निजामशाहीचा कारभारी होऊन मोगलांना कसं पुरून उरलं, हे सगळं आलं. जहांगीर तर इतका कातावला की त्यानं एक चित्रच काढवून घेतलं: पृथ्वीच्या गोलावर उभे असलेले बादशहा अंबरच्या तुटलेल्या मुंडक्यावर बाण मारताहेत. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाच्या हाती कधीच लागलं नाही. १६२४ ला भातवडीची लढाई, शहाजीराजे अंबरच्या बाजूनं...

‘अंबरनं खडकी वसवली,’ झांबेझी म्हणाला, ‘नहर खोदून पाणी आणलं.’

‘आपली खडकी? दापोडीच्या अलीकडची?’ खजिनदार जागे झाले. त्यांचे वडील तिथल्या कारखान्यात होते.

‘नाही हो, म्हणजे आजचं संभाजीनगर. मला सांगा, त्या माणसाला आज आपण हा फ्लॅट दिला असता का?’

सभा गप्प झाली. मागून एका आजोबांनी विचारलं, ‘शाकाहारी होता का?’

फ्लॅट मिळाला. तो मलिक अंबरमुळे मिळाला असं झांबेझी मानतो. फ्लॅटच्या मालकानं न्यू जर्सीहून सेक्रेटरींना फोन करून वर्षभराचा मेंटेनन्स आगाऊ भरायची तयारी दाखवली, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

पाहुणा बॅगा घेऊन आला तेव्हा स्वागताला हा गेटवर इस्त्रीच्या शर्टात उभा. दोन्ही हात पसरून, खणखणीत स्वाहिलीत म्हणाला, ‘हबारी गानी!’ स्वाहिली पूर्वेकडची. लागोस पश्चिमेला, नैरोबीपासून पुणे-दिल्लीच्या तिपटीहून लांब. एकट्या नायजेरियात पाचशेच्या वर भाषा बोलतात आणि स्वाहिली त्यांतली नव्हे. ‘कुठल्या आफ्रिकेबद्दल बोलताय?’ म्हणून आम्हाला छळणाऱ्या माणसानं असं करावं! पाहुणा बिचारा जरा गोंधळला. त्याला वाटलं, ही मराठीच असणार. त्यानं हसून, येत असलेलं सगळं मराठी एका दमात सांगून टाकलं: ‘थोडा थोडा. किती झाले? पुढे थांबवा.’

झांबेझीचे कान लाल झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पण गडी खमका. चोवीस तासांच्या आत भरायचा परदेशी भाडेकरूचा सी फॉर्म त्यानंच बसून भरला, पोलिसांकडचे कागद केले, गॅसचं बघितलं. आता बायका त्या मुलाला जिन्यात गाठून आफ्रिकेबद्दल काहीबाही विचारतात. तो हात जोडतो: ‘मी लागोस पाहिलंय आणि पुणे पाहिलंय. बाकीचं त्यांना विचारा.’ आणि झांबेझीच्या दाराकडे बोट दाखवतो.

एवढ्यानं त्याचा लौकिक पार इस्टेट एजंटांपर्यंत गेला आहे. पीएचडीचा तिसरा प्रकरण-आराखडा गाइडकडे पडून आहे, पण याचा फोन दिवसभर वाजतो. परवा मी त्याच्याकडेच बसलो होतो. एजंट म्हणाला, ‘साहेब, सुदानचं गिऱ्हाईक आहे.’

झांबेझी सावरून बसला. ‘सुदान की दक्षिण सुदान? २०११ ला वेगळे झालेत ते.’

पलीकडे थोडा विचार झाला. ‘टू बीएचके म्हणतायत.’