बारीक टायपातले बँड

युरोप-अमेरिकेत उन्हाळा आला की कुरणांवर तंबू पडतात आणि संगीत महोत्सवांची पोस्टरं झळकू लागतात. हे पोस्टर म्हणजे आपल्याकडचा वाढदिवसाचा फ्लेक्सच. वर साहेब, मध्ये उपसाहेब आणि तळाला शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजमधली दाटी. वरच्या दोन-तीन नावांवर तिकीट खपतं, तळच्या नावांना भिंग लागतं. आणि तरीही घरी परतलेला माणूस वर्षानुवर्षं ज्याचं कौतुक सांगून चारचौघांना पिडतो, तो बँड हमखास या तळातला असतो. साहेबांबद्दल विचारलं तर म्हणतो, ‘हां, तेही चांगले वाजले.’

इंग्लंडातल्या ग्लास्टनबरीचंच बघा. मायकेल ईव्हिस या दुधाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यानं १९७० साली आपल्या शेतावर पहिला महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, वर दूध फुकट. माणसं आली दीडेक हजार. किंक्स हे त्या वेळचं मोठं नाव यायचं होतं, त्यांनी टांग दिली. मग मार्क बोलनच्या टायरॅनोसॉरस रेक्सवर भागवावं लागलं. वर्षभरात याच बँडनं टी. रेक्स असं आटोपशीर नाव घेऊन अख्ख्या इंग्लंडला वेड लावलं. म्हणजे ‘बदली कामगार’ भाव खाऊन जाण्याची परंपरा तिथे पहिल्याच दिवसापासून आहे.

आता तिथलं तिकीट दुधासारखं राहिलेलं नाही. २०२५ च्या महोत्सवाचं तिकीट होतं ३७३ पौंड ५० पेन्स. ते आदल्या नोव्हेंबरात साधारण ३५ मिनिटांत संपलं, आणि तेही कोण वाजवणार हे जाहीर होण्याआधी. लोक डोळे मिटून पैसे भरतात. मग नावं जाहीर झाली की तेच लोक नाकं मुरडतात, ‘यंदा काही दम नाही!’ अहो, तुम्ही पावणेचारशे पौंड मोजलेत ते काय बघून?

दमाचं म्हणाल तर १९९५ साल आठवा. शनिवारच्या रात्री स्टोन रोझेस वाजवणार होते. त्यांचा गिटारवादक जॉन स्क्वायर सायकलवरून पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. ऐनवेळी कुणाला आणायचं? शेफील्डच्या पल्पला. जार्विस कॉकरनं शाळकरी वयात, १९७८ मध्ये सुरू केलेला हा बँड. सोळा-सतरा वर्षं खस्ता खाल्ल्यावर नुकतंच त्यांचं एक गाणं गाजलं होतं. त्या रात्री ते असे वाजले की स्टोन रोझेसची आठवण कुणाला राहिली नाही. पुढे २०२५ मध्ये हाच पल्प ‘पॅचवर्क’ या खोट्या नावानं त्याच मैदानात उतरला. मोठं झाल्यावर बारीक टायपात परत जायची हौस येते ती अशी.

अमेरिकेत तर हा प्रकार आणखी जुना. कॅलिफोर्नियातलं माँटेरे, जून १९६७. शनिवारच्या दुपारी सॅन फ्रान्सिस्कोचा ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ नावाचा बँड मंचावर आला. देशात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. गायला उभी राहिली टेक्ससहून आलेली जॅनिस जॉप्लिन. तिचा आवाज लागला आणि मैदान सुन्न झालं. पण हे सगळं टिपायला कॅमेरे कुठे होते? बंद! बँडच्या व्यवस्थापकानं चित्रीकरणाला नकार दिला होता. मग धावपळ झाली, मनधरणी झाली, आणि रविवारी त्यांना पुन्हा मंचावर चढवलं गेलं, फक्त कॅमेऱ्यासाठी. दिग्दर्शक पेनेबेकरच्या या महोत्सवावरच्या चित्रपटात दिसते ती ही दुसरी खेप. त्यात प्रेक्षकांमध्ये बसलेली कॅस एलियट दिसते. ‘ममाज अँड द पापाज’ची ही गायिका, म्हणजे त्या महोत्सवातली साहेबांच्या रांगेतली बाई. तिचा वासलेला आ आणि ओठांवरचा ‘वॉव’ कॅमेऱ्यानं नेमका पकडला आहे. वरच्या टायपानं खालच्या टायपाला दिलेली ही जाहीर पावती.

त्याच रविवारी दुपारी रविशंकर बसले, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. तीन तासांहून जास्त वाजवलं. आयोजकांनी मानधन दिलं ते एकट्या रविशंकरांना, तीन हजार डॉलर. बाकी सगळे रॉकवाले प्रवासखर्चावर वाजवून गेले. आपला माणूस आधी व्यवहार ठरवतो आणि मग सूर लावतो, हे बघून ऊर भरून येतो.

वुडस्टॉकचा, म्हणजे ऑगस्ट १९६९ चा, किस्सा तर प्रत्येक आयोजकानं भिंतीवर लावावा असा. शनिवारी दुपारी सांताना नावाचा बँड वाजला. त्यांची पहिली रेकॉर्डसुद्धा तेव्हा बाजारात आलेली नव्हती. ड्रमवर विशीचा मायकेल श्रीव्ह. तासाभरात त्यांनी लाखोंचा समुदाय खिशात टाकला. आणि ज्याच्या नावावर पोस्टर उभं होतं तो जिमी हेंड्रिक्स? कार्यक्रम लांबत गेला, लांबत गेला आणि त्याची पाळी आली ती सोमवारी सकाळी. तोवर चार लाखांतले बहुतेक लोक घरी, नोकरीवर, नाहीतर रस्त्यावरच्या कोंडीत. साहेबांनी भाषण केलं, मंडप निम्म्याहून जास्त रिकामा! त्या सकाळच्या वादनाला आज दंतकथा म्हणतात, आणि ती ऐकल्याचं सांगणाऱ्यांची संख्या त्या दिवशी उरलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हा चमत्कार घडतो तो निव्वळ नशिबानं नव्हे. छोट्या मंचावरच्या बँडला अर्धा-पाऊण तास मिळतो. नीट साउंड चेक करायला सवड नसते. तारा जोडायच्या, प्रत्येक माइकमध्ये ‘वन टू’ म्हणायचं आणि सुटायचं. समोरचे लोक त्यांच्यासाठी आलेले नसतात. कुणी बिअरच्या रांगेत, कुणी सावली शोधत आलेला. तंबू तिन्ही बाजूंनी उघडा असतो. पहिल्या गाण्यात पकडलं नाही तर दुसऱ्याला समोर गवतच उरतं. मग ते उगाच गप्पा मारत नाहीत, राखून ठेवत नाहीत, असेल नसेल ते पहिल्या पाच मिनिटांत ओतून मोकळे होतात. साहेबांना ही काळजी कुठे? त्यांची गाणी पब्लिकच म्हणतं. ते माइक प्रेक्षकांकडे वळवतात आणि त्याचे पैसे घेतात.

आपल्या उपखंडातले लोकही या बारीक टायपातून गेले आहेत. १९८५ साली इंग्लंडातल्या मर्सी बेटावर, पीटर गॅब्रिएलनं उभ्या केलेल्या वोमॅड महोत्सवात नुसरत फतेह अली खाँ गायले. कव्वाली कशाशी खातात हे ठाऊक नसलेले गोरे श्रोते होते. शब्द एक कळत नव्हता आणि जागचं कुणी हलत नव्हतं. २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेन या दोनेक हजार वस्तीच्या खेड्यात, मेटलच्या पंढरीत, दिल्लीचा ब्लडीवुड ढोल घेऊन उतरला. जर्मन मंडळी भांगड्याच्या ठेक्यावर केस उडवत होती. त्याच सुमारास इथे आपण ‘भारतात मेटल वगैरे काही नाही हो’ असं ठणकावून सांगत होतो.

आणि आपली तऱ्हा? पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव हिवाळ्यातला, पण खोड तीच. दुपारी पहिला गायक, बहुधा तरुण, जीव तोडून भीमपलास नाहीतर मुलतानी मांडतो तेव्हा मंडपात खुर्च्या जास्त, माणसं कमी. ‘पहिला कोण आहे? कुणीतरी नवीन पोरगं आहे. आपण सातला जाऊ.’ पाच वर्षांनी तेच पोरगं शेवटी गाऊ लागलं की हेच गृहस्थ मध्यंतरात वडा खात सांगतात, ‘मी त्याला सुरुवातीपासून ऐकतोय.’ सुरुवातीपासून म्हणजे पार्किंगमधून!

आता कुणी म्हणेल, अनोळखी बँड रटाळ निघाला तर? निघतोच की, पुष्कळदा निघतो. पण महोत्सवात उठून जायला काही लागत नाही. पन्नास पावलांवर दुसरा मंच असतो. खरे अडकलेले असतात ते साहेबांसाठी सकाळपासून कठड्याला चिकटलेले. त्यांना भूक लागली तरी हलता येत नाही, निसर्गाची हाक आली तरी नाही, आणि मधले पाच बँड ते मोबाइलमध्ये मान घालून सोसतात.

म्हणून अशा महोत्सवाला जाणार असाल तर ॲपवरचं रंगीबेरंगी वेळापत्रक खिशात घाला आणि कानाला पटेल त्या दिशेनं चाला. आवडलेल्या बँडच्या टेबलावरून टी-शर्ट किंवा रेकॉर्ड विकत घ्या. तुमच्या फुकटच्या लाइकवर त्यांच्या व्हॅनचं डिझेल भागत नाही. आणि मुख्य म्हणजे, गेट उघडल्या उघडल्या आत शिरा. तिकीट रात्री दहाचं नसतं. पैसे दुपारपासूनचे घेतलेले असतात, ते तरी वसूल करा.