टिक कोणी मारली?

"अरे, जरा येतोस का? माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलंय."

रविवारी सकाळी शेजारचे काका दारात उभे होते. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर हिशेबाच्या वहीतली एका रुपयाची तफावत शोधून काढणारा हा माणूस. आवाज मात्र वर्गातली काच फोडून आलेल्या पोराचा.

त्यांचा जुना संगणक उघडला. ब्राउझरच्या डोक्यावर तीन पट्ट्या, एकीखाली एक. पहिलीत हवामान, दुसरीत कूपनं, तिसरीत शोधायची चौकट. वाचायला उरला होता जेमतेम अर्धा पडदा. काही शोधायला जावं तर भलत्याच नावाचं पान उघडत होतं आणि वरची सगळी जागा जाहिरातींनी खाल्ली होती. काकांना हवं होतं फक्त पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर. सोसायटीचे हिशेब एका फाइलीत लावायचे होते.

कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी काढली आणि ती तारखेप्रमाणे लावली. एकाच तारखेला चार नावं. काकांनी मागितलेलं त्यातलं एक. बाकीची तीन त्याच्या पाठीवर बसून घरात शिरली होती.

तो इन्स्टॉलर डाउनलोडमध्ये तसाच पडला होता. काकांना दाखवायला पहिल्या दोन पडद्यांपर्यंत पुन्हा चालवला. 'एक्सप्रेस' हा पर्याय आधीच निवडलेला, त्याखाली मोठ्ठं हिरवं बटण. 'कस्टम' हा शब्द मात्र फिकट राखाडी, चष्मा लावूनही शोधावा लागेल असा. त्यावर क्लिक केलं तेव्हा कुठे तीन चौकटी दिसल्या. तिन्हींत टिक मारलेली.

काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही टिक मी नाही मारली रे."

नाहीच मारली. मुद्दा एवढाच आहे. तुमच्या नावाची सही आधीच करून ठेवलेला कागद पुढे सरकवायचा आणि नंतर 'तुम्हीच हो म्हणालात' असं सांगायचं, याला आपल्याकडे फसवणूक म्हणतात. कागदाऐवजी पडदा आला म्हणून शब्द बदलत नाही.

हे काही गल्लीबोळातल्या कंपन्यांनीच केलं असंही नाही. ओरॅकलसारखी बडी कंपनी वर्षानुवर्षं जावा या आपल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटसोबत आस्क टूलबार, म्हणजे तसलीच एक पट्टी, देत होती, तोही टिक आधीच मारून. जावाचे अपडेट सुरक्षिततेसाठी घ्यावे लागत, म्हणजे कुलूप दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जाताना घरात भाडेकरू ठेवून जावं, तसा प्रकार. २०१३ मध्ये पत्रकार एड बॉट यांनी दाखवून दिलं की हा टूलबार जावासोबत लगेच बसत नाही, दहा मिनिटं थांबून मग बसतो. म्हणजे सावध माणसाने लगेच यादी तपासली तरी हाती काही लागायचं नाही. अखेर जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या नकोशा सॉफ्टवेअरमध्ये धरल्या. तोवर किती घरांतल्या किती माणसांनी स्वतःलाच दोष दिला असेल!

टूलबारचा जमाना सरला, गूगलनेही आपला टूलबार २०२१ मध्ये बंद केला. पण पट्टी गेली आणि एक्स्टेन्शन आलं. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा' असं म्हणत नोटिफिकेशन घुसलं. मग उजव्या कोपऱ्यात दिवसभर 'तुमच्या संगणकात व्हायरस' अशा खोट्या धमक्या. धंदा तोच आहे.

काढायचं कसं? आधी प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावा आणि न मागितलेलं अनइन्स्टॉल करा. तिथेही 'ठेवा' हे बटण मोठं असेल, म्हणून सावकाश वाचून दाबा. मग ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स बघा, अनोळखी ती उडवा. सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पूर्ववत करा. नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटना दिली आहे तेही तपासा. शेवटी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली 'टार्गेट'ची ओळ वाचा. काकांच्या संगणकात त्या ओळीच्या शेपटीला एका साइटचा पत्ता चिकटवलेला होता. तो राहिला असता तर सगळं काढूनही तेच पान पुन्हा उघडलं असतं. आणि पुढच्या वेळी सॉफ्टवेअर ज्याचं आहे त्याच्याच साइटवरून घ्या, 'कस्टम' निवडा, टिक काढा.

पण सगळं ओझं घरच्या माणसानेच का उचलायचं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. एक पर्याय ठळक करून दुसरा लपवणं त्यात आहे, व्हायरसची खोटी भीती घालणंही आहे. नियम आहे, पण तक्रारच गेली नाही तर तो कागदावरच राहील. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि फोन करा.

आणि या रविवारी आपल्या आईवडिलांच्या, काका-मावशीच्या संगणकापाशी तासभर बसा. ते खाली मान घालून म्हणतील, "माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलंय." पट्ट्या काढायच्या आधी त्यांना ती टिक दाखवा, आणि ती त्यांनी मारलेली नव्हती हे स्पष्ट सांगा.