कुटी बापूची, हात कोनाचा?

– काकू, पापड पलटवून झाले का? या न जरा भित्तीजवळ.

– आली वं. काल तुह्या घरी मुंबईचे पाव्हने होते म्हने?

– नंदई आले होते. त्यायले सेवाग्राम दाखवाले नेलं. मानूस लय बोलका! कुलाब्याच्या अफगाण चर्चचं सारं पुरान तोंडपाठ. आराखडा हेन्री कॉनीबेअरचा, आतली सजावट विल्यम बटरफिल्डची, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. चर्च उघडलं 1858 ले अन् मनोरा पुरा झाला 1865 ले. मंग बापूकुटीत गेल्यावर म्हनते, “वहिनी, इथं काय, बापूनंच बांधली असन.”

– अवं माय! थे बापूसाठी बांधलीच नोहोती. मीराबेननं सोताले राहाले बांधली होती.

– थे इंग्रज बाई?

– व्हय, आरमारातल्या अ‍ॅडमिरल स्लेडची पोरगी, मॅडलिन. 1925 ले साबरमतीले आली अन् मीराबेन झाली. इकडे शेगावातही बापूच्या आधी थेच येऊन राहिली. बापू आले 30 एप्रिल 1936 ले. पयले राहिले आदि निवासात. तिथं मानसायची दाटी झाली, तवा मीराबेनच्या झोपडीत गेले. तीच वाढवून बापूकुटी झाली.

– पन गावाचं नाव तर सेवाग्राम न?

– थे 1940 पासून. बापूचं टपाल गजानन महाराजायच्या शेगावले जाये, म्हनून बदललं.

– अन् भित्तीवरचे ताडाचे झाडं, ॐ?

– थे बी मीराबेनचेच. मातीच्या भित्तीवर मातीचाच उठाव. माती, बांबू, लाकूड, वर कवेलू. सारं आसपासचंच सामान. बापूची अटच होती तशी. बांधकामाले हात गावच्या लोकायचे.

– म्हंजे चर्चसारखंच, आराखडा करनारी अन् सजवनारी सापडली की!

– सापडाले लपली कुठं होती? 1978 ले इव्हान इलिच नावाचा मोठा विचारवंत सेवाग्रामले आला, त्यानं तर या कुटीवरच भाषन दिलं. परदेशी मानूस कुटीत बसून विचार करते अन् आपन वर्ध्याचे लोक पाव्हन्यायले दारातूनच फिरवून आनतो.

– नंदई दिवाळीत येनार हायेत परत.

– मंग आत नेऊन भित्त दाखवजो. अन् मीराबेनचं नाव घेतल्याबिगर कोनालेच कुटी दाखवू नको.