जिममधलं सोवळं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही जिममध्ये शिरावं, बेंच प्रेसपाशी रेशनच्या दुकानासारखी रांग असते. रांगेत सर्वांत पुढे जो उभा असतो, त्याला व्यायाम सुरू करून जेमतेम आठ दिवस झालेले असतात. कमरेला चामडी पट्टा, हातात मोजे, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आणि पिशवीत सहा डबे. ऑलिंपिक मापाचा मोकळा रॉड वीस किलोचा असतो. तो याच्या छातीवर अजून तिरकाच उतरतो. पण डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं असतं, 'चिकन १५० ग्रॅम, ११.३०'. साडेअकराचा डबा बाराला उघडावा लागला, तर त्याचा दिवस नासतो.

महाराष्ट्रातून सोवळं-ओवळं हद्दपार झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा या मुलाच्या घरी जेवायला जावं. त्याची पणजी धाबळी नेसून स्वयंपाक करायची आणि मध्ये कुणाचा हात लागला तर पुन्हा आंघोळ करायची. पणतवाचं पातेलं वेगळं, तेलाची बाटली वेगळी (तीही फवाऱ्याची), मीठ वेगळं. आईनं सवयीनं चमचाभर फोडणी वर ओतली की भाजी बाटली. संक्रांतीला मावशी तिळाचा लाडू घेऊन आली, तर त्यानं तो आधी काट्यावर ठेवला. पंधरा ग्रॅम भरला. मोबाइलमध्ये पाहून सत्तरेक कॅलरी मांडल्या आणि लाडू परत केला. मावशीशी गोड मात्र बोलला. अर्धा सण तरी पाळला गेला.

तसं या घराला पथ्याचं नवल नाही. काही वर्षांपूर्वी मराठी घरं दोन पक्षांत विभागली गेली होती, त्यात हेही होतं. वडील डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या बाजूचे: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि तेही पंचावन्न मिनिटांत उरकायचं. आई ऋजुता दिवेकरांच्या बाजूची: थोडं थोडं, दर दोनेक तासांनी खायचं आणि तुपाला नाही म्हणायचं नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी त्या वर्षी पगार वाढवून मागितला, तो काही उगाच नव्हे. आता तिसरा पक्ष निघाला आहे आणि त्याचं बहुतेक सगळं उकडलेलं असतं.

या कडकपणाला आधार किती? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सर्वसाधारण माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरते. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतात, हे खरं. पण किती जास्त? २०१८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित हिशेब छापून आला. किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वाढवून स्नायूंमध्ये आणखी भर पडताना दिसली नाही. म्हणजे सत्तर किलोच्या मुलाला ११२ ग्रॅम झाली की पुरे. त्याच हिशेबातला दुसरा आकडा जिमच्या काउंटरवर कुणी सांगत नाही. वजनं दोन्ही गटांनी उचलली होती. वरून जादा प्रथिनं घेणाऱ्यांच्या चरबीविरहित वजनात त्यामुळे पडलेली भर सरासरी ३०० ग्रॅम होती. पावडरचा डबा दोन किलोचा येतो.

एका बाबतीत मात्र मुलाची बाजू घ्यायला हवी. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी चहा-खारी आणि रात्री ज्यात डाळ शोधायला बुडी मारावी लागते असं वरण, या आहारावर दंड फुगत नाहीत. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच. उपवासाच्या खिचडीची जी काही लाज राखली जाते, ती दाण्याच्या कुटामुळे. पण उपाय काट्याचा नाही, वाटीचा आहे. वरण घट्ट करायचं, मटकीची उसळ पोळीइतकीच मानानं वाढून घ्यायची. चार अंड्यांत चोवीसेक ग्रॅम येतात, अर्धा लिटर दुधात सोळा. उरलेला हिशेब आईला तोंडी येतो. २०२४च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत याच पोषण संस्थेनं शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं सांगूनही टाकलं. ते कुणी वाचलं असेल तर आईनंच.

दुसरं सोवळं मुहूर्ताचं. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत शेक पोटात गेला नाही तर केलेली मेहनत वाया जाते, अशी एक समजूत आहे. म्हणून हा मुलगा सिग्नलला हेल्मेट वर सरकवून शेकर तोंडाला लावतो. मागचे हॉर्न वाजवतात आणि पांढरी मिशी घेऊन तो पुढे निघतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुहूर्ताची छाननी केली. दिवसभराची एकूण प्रथिनं सारखी धरली, तर वेळेचा फायदा जवळजवळ उरत नाही, असं त्यांना आढळलं. घरी जाऊन जेवलं तरी चालतं. पण घरी जेवायला मुहूर्त लागत नाही, मग त्याचं व्रत कसं होणार?

जिममध्ये 'तीन सेट, दहा रेप्स' हा मंत्र सगळ्यांना पाठ असतो. ऋषी कोण, ते कुणी विचारत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे गुडघे वजनं उचलायला लावून बरे करत होता. सुरुवातीला तो दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट करून घ्यायचा. पुढे १९४८ मध्ये त्यानं आणि वॉटकिन्स या त्याच्या सहकाऱ्यानं ते तीनवर आणले, कारण एवढ्यांची गरज नाही असं त्यांच्या ध्यानात आलं. तेही कसे, तर पहिला सेट निम्म्या वजनानं, दुसरा पाऊण आणि तिसराच पुऱ्या वजनानं. ज्यानं पद्धत घालून दिली त्यानं ती स्वतःच सैल केली, आणि ऐंशी वर्षांनी कोथरूडमधला मुलगा आठवड्यातले सहा दिवस, छाती-पाठ-पाय असे वार लावून, दीड-दीड तास घाम गाळतो. जागतिक आरोग्य संघटना सर्वसामान्य प्रौढाकडून स्नायूंच्या व्यायामाचे आठवड्यातले किमान दोन दिवस मागते. नवख्याचं शरीर तेवढ्यावरही खूश असतं. पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. दंडाचा घेर तेव्हा हलत नाही. हा रोज आरशासमोर टेप धरून उभा.

कोल्हापूरच्या तालमीतही शिस्त कडक, पण तिची चाल वेगळी. नवं पोर आलं की वस्ताद त्याला आधी हौद्यातली लाल माती उकरायला लावतात. जोर-बैठका मोजक्या, मग हळूहळू वाढत्या. खुराकही मेहनतीच्या मागोमाग चढतो; पहिल्याच दिवशी बदामाची थंडाई मागणाऱ्याला काय ऐकावं लागतं, ते छापण्याजोगं नाही. वाचायचंच असेल, तर बडोद्याहून निघालेला मुजुमदारांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांचा आहे. मुलगा तीस सेकंदांची रील दीडपट वेगानं पाहतो.

घाई कुठे नको, एवढं मात्र त्याला कुणी तरी बसवून सांगायला हवं. पहिल्याच दिवशी पैजेवर शे-दोनशे बैठका मारल्या, तर दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागतो. ते हसण्यावारी नेता येतं. पण अंग सुजून दुखायला लागलं आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येतो आहे. तेव्हा ट्रेनरला नव्हे, डॉक्टरांना गाठायचं असतं.

फेब्रुवारीत मामेबहिणीचं लग्न आलं. मुलानं मठ्ठ्यासोबत एक जिलबी खाल्ली. वसईकडे जुन्या काळी विहिरीत पाव पडला म्हणून अख्खा गाव बाटल्याच्या कथा सांगतात; तसा हा एका जिलबीनं बाटला. बाटलोच आहोत तर मग काय, म्हणून आणखी सहा. दुसऱ्या दिवशी जिमला दांडी, तिसऱ्या दिवशी शरमेनं दांडी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना नवी सवय लावायला सांगून पाहिलं होतं. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. या मुलाचा तो एक्केचाळिसावा दिवस होता.

त्याच जिममध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका सोमवारी आणि गुरुवारी येतात. पाठकोऱ्या वहीत वजन लिहितात, दोन-तीन आठवड्यांनी किलोभर वाढवतात, आणि रविवारी मिसळीवर जादा तर्री मागतात. ट्रेनर त्यांच्याकडे फिरकत नाही. त्यांच्याकडून पर्सनल ट्रेनिंगचे पैसे सुटणार नाहीत, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

महिना संपता संपता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाची जाहिरात आली: 'व्हे प्रोटीन, अर्धा डबा. पट्टा, मोजे, शेकर. काटा सोबत मोफत.' शेकर तळमजल्यावरच्यांनी ताकासाठी नेला. काटा काकांच्या घरी गेला. काकूंकडे होळीच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी होत्या. त्यांनी पहिली पोळी काट्यावर ठेवली. नव्वद ग्रॅम भरली.

"पुरण कमी पडलंय," म्हणाल्या, आणि ती पोळी वर तूप सोडून काकांच्या पानात वाढली.